पाहुण्यांपुरतं पाणी

तिला सगळे सॅम्पलमावशी म्हणायचे. बाई विचित्र होती असं काही नाही हो. बिल्डरच्या साइट ऑफिसमागे गिऱ्हाइकांना दाखवायचा सॅम्पल फ्लॅट होता, तो झाडूनपुसून सजवून ठेवायचं काम तिच्याकडे, म्हणून सॅम्पलमावशी. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर होतं, ते तिथेच राहिलं.

सॅम्पल फ्लॅट ही काय चीज असते, हे घर घेणाऱ्याला कळतं, पण घेऊन झाल्यावर. तिथला पलंग मुद्दाम आखूड करून घेतलेला असतो, खोली मोठी दिसावी म्हणून. धड वाढलेला माणूस त्यावर आडवा झाला तर पाय बाहेर लोंबतील. खोल्यांना दारं नसतात, कारण दार उघडायला जागा लागते. फ्रीज म्हणजे नुसतं खोकं, टीव्ही पुठ्ठ्याचा, टोपलीतली फळं मेणाची. मावशी रोज त्या फळांवरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "नासत नाही की कुजत नाही. बरं आहे बाई तुमचं!"

तिथे खरं असं एकच होतं, स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी. आणि सगळ्यांत मोठं खोटं तेच होतं. छपरावर, जाहिरातीच्या फलकामागे, एक पिंप दडवलेलं होतं. त्यातून नळी खाली नळाला जोडलेली. रोज सकाळी टँकर आला की मावशी बादल्या भरून शिडी चढायची आणि ते पिंप भरायची. गिऱ्हाईक आत आलं, बायको स्वयंपाकघरात डोकावली, की मावशीनं पुढे व्हायचं, नळ सोडायचा, हात धुवायचे, टॉवेलला पुसायचे, नळ बंद करायचा. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

"आपण खोटं बोलत नाही मावशी," मॅनेजर तिला पहिल्याच दिवशी म्हणाला होता. पोरसवदा माणूस, केस चोपून बसवलेले, बोलणं लोण्यासारखं. "आपण फक्त नळ सोडतो."

आता ही वस्ती म्हणजे शहराचं शेपूट. आधी इथे नुसता खडकाळ माळ होता. मग एक इमारत उभी राहिली, मग तिच्या उरावर दुसरी, आणि मग बघता बघता इतकी गर्दी झाली की समोरच्या घरात कोण कुणाशी भांडतंय ते इकडे बसून ऐकावं. इमारतींची नावं काय विचारता! कुणी सरोवर, कुणी निर्झर, कुणी जलधारा. नाव ठेवायला काय जातं? रस्ता मात्र एकच, माळावर चार घरं होती तेव्हाचा. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं गटारात उतरायचं. बस नाल्यापर्यंत यायची आणि तिथूनच तोंड फिरवायची, कारण नाल्यावरचा पूल तिला झेपायचा नाही. शाळा एक, ती सकाळी भरायची, दुपारी भरायची, संध्याकाळी भरायची. मास्तरीणबाईंचा घसा बसला तो कायमचाच. आणि पाणी? पाणी टँकरनं. मोठी पाइपलाइन "मंजुरीच्या वाटेवर" होती. ही वाट कुठल्या रस्त्यानं जाते ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशीचा स्वतःचा फ्लॅट इथेच, पहिल्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. नवरा छापखान्यात बाइंडर होता. उभं राहून राहून गुडघे कामातून गेले तेव्हा नोकरी सुटली. दोघांनी जन्मभर साठवलेलं होतं नव्हतं ते या घरात घातलं. ताबा घेतला त्या दिवशी मावशीनं हौसेनं नळ सोडला, तर आतून नुसता सूं आवाज आला. नवरा म्हणाला, "श्वास घेतोय. येईल." अजून श्वासच घेतोय.

पण बाई हरणारी नव्हती. पाण्याच्या ऑफिसात गेली, तर खिडकीतल्या माणसानं समजावलं, "बाई, मूठभर लोकांसाठी कुणी मोठी लाइन टाकतं का? वस्ती वाढू दे. माणसं आली की पाणी येईल." हे तिच्या डोक्यात असं काही घट्ट बसलं की विचारू नका. तेव्हापासून एकेक बुकिंग झालं की तिला वाटायचं, पाणी एक पाऊल पुढे सरकलं. म्हणून ती ते पिंप भरायची. नोकरीसाठी भरायची, पण नुसती नोकरीसाठी नाही. माणसं आली, येतच राहिली. टँकर मात्र तेवढेच राहिले, आणि तिच्या वाट्याच्या बादल्या कमी कमी होत गेल्या. तरी तिचं आपलं एकच, अजून थोडी माणसं आली की होईल. आशा अशी वेडी असते की तिच्यावर रागावताही येत नाही.

या वस्तीची आणखी एक तऱ्हा होती, ती सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. कुणाकडे पाहुणे यायचे असले की अख्खा मजला कामाला लागायचा. इतर वेळी एका तांब्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या बाया त्या दिवशी न मागता बादली आणून द्यायच्या. प्रत्येक घरात पोटमाळ्यावर एक टाकी बसवलेली होती. ती शेजारपाजारच्या पाण्यानं काठोकाठ भरायची. पाहुण्यांनी नळ सोडला की अशी धार लागायची की बघत राहावं. पाहुण्यांना अंघोळीचा आग्रह व्हायचा. पाहुणे गेले की आठ दिवस घरची माणसं ओल्या फडक्यानं अंग पुसायची. का? तर अब्रू! जन्माची कमाई ओतून घर घेतलं आणि त्यात पाणी नाही, हे कुणाला कोणत्या तोंडानं सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय घराची किंमत पडेल ही धास्ती होतीच. आणि मग तेच पाहुणे परत जाताना साइट ऑफिसात डोकावायचे आणि बुकिंग करून जायचे. मॅनेजरला फुकटात अख्खी वस्ती राबायला मिळाली होती.

मावशीची धाकटी बहीण अशीच एकदा राहून गेली होती. मावशीनं तिला बाथरूमचा नळ पुरा सोडून अंघोळ घातली होती. धाकटी केस पुशीत बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, सुखात आहेस गं तू." मावशीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की पुढचे कित्येक दिवस घसा कोरडा पडला तरी तिनं कुरकुर केली नाही.

आणि आता धाकटीचा फोन आला.

"ताई, आम्ही पण तुझ्याकडेच येतोय! तिसऱ्या इमारतीत बघतोय. रविवारी येतो बुकिंगला. इकडच्या खोलीला गिऱ्हाईक ठरलंय."

धाकटीची जुन्या शहरात तळमजल्याला एक खोली होती. अंधारी, कोंदट, पण दारात नळ, आणि त्या नळाला दिवसभर पाणी. घरात तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणंमुतणं सगळं जागेवर. दिवसातून किती वेळा कपडे बदलायचे, किती वेळा अंग धुवायचं, चादरी किती पिळायच्या, याला गणती नाही. त्या एका नळावर धाकटीचा संसार तरला होता. तिला नव्या घरात सासूसाठी वेगळी खोली हवी होती, खिडकीची. एवढीच तिची हौस.

"अगं, इथे पाण्याचं जरा..." मावशी म्हणाली.

"पाण्याचं जरा सगळीकडेच असतं गं. तुझ्याकडे बघितलंय की मी."

आता काय सांगणार? मावशीनं फोन ठेवला आणि तशीच बसून राहिली. बहीण जवळ येणार म्हणून तिला आनंद झाला होता, अगदी खरा आनंद, आणि त्या आनंदाची तिला किळस आली. खोली एकदा विकली की परतीची वाट नाही. त्या म्हातारीला घेऊन ही पोर इथे आली तर मरेल. आईच्या मागे मावशीनंच तिला वाढवलेलं, वेण्या घालून शाळेत सोडलेलं.

तिनं ठरवलं, सांगायचं. मॅनेजरसमोर सांगायचं, नोकरी गेली तर गेली. आणि नुसतं सांगून पटायचं नाही म्हणून घरातले कोरडे नळ दाखवायचे. तिनं मुद्दाम पोटमाळ्यावरची टाकी रिकामी होऊ दिली. शनिवारी शेजारणी विचारायला आल्या, "बहीण येतेय ना? बादल्या आणू?" तर तिनं नको म्हणून सांगितलं. नवऱ्याला मात्र यातलं काही बोलली नाही. तो भिडस्त माणूस. त्याला कळलं असतं तर त्यानं समजूत घातली असती आणि हिचा धीर सुटला असता. रविवारी सकाळी ती लवकरच खाली उतरली.

धाकटी नवऱ्याबरोबर आली ती नवी साडी नेसून. मॅनेजरनं दोघांना सॅम्पल फ्लॅट फिरवून दाखवला. आखूड पलंगाशी धाकटी थांबली, म्हणाली, "इथे आईंचा पलंग बसेल. खिडकीपाशी." मग सगळे स्वयंपाकघरात आले. मॅनेजरनं मावशीकडे पाहिलं. मावशी हात मागे बांधून उभी.

"मावशी," तो गोड आवाजात म्हणाला, "पाणी."

मावशी हलली नाही. तेवढ्यात धाकटीनंच पुढे होऊन नळ सोडला. "अगंबाई, काय धार आहे!"

"ते पाणी मी भरलंय," मावशी म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली. "बादलीनं. वर पिंप आहे. इथे कुणाच्याही नळाला पाणी येत नाही. घेऊ नका."

मेहुणे मॅनेजरकडे बघायला लागले. आणि तो पठ्ठ्या चक्क हसला. "सॅम्पल फ्लॅटला सगळीकडे तात्पुरतीच टाकी असते, साहेब. बाहेर येता? वरची मोठी टाकी दाखवतो." मेहुण्यांना घेऊन तो बाहेर गेला.

धाकटी मात्र थांबली. "काय बोललीस ताई तू?"

"खरं बोलले. पाणी नाही गं इथे. टँकर आला तर आला."

"मी तुझ्याकडे राहिले होते. नळ धो धो वाहत होता."

"तेही भरलेलं होतं. सगळ्या मजल्यानं मिळून."

"म्हणजे?" धाकटीचा चेहरा उतरला. "तेव्हा मला खोटं दाखवलंस, की आता खोटं सांगतेस? एक काहीतरी ठरव."

"तेव्हा खोटं दाखवलं. लाज वाटली म्हणून."

"नाही," धाकटी म्हणाली. "मला कळतंय. लग्नानंतर तुझ्या चाळीतली शेजारची खोली रिकामी झाली होती, तेव्हाही तू हेच केलंस. ओल आहे, घेऊ नकोस म्हणालीस. मी शेजारी नको होते तुला. आताही नको आहे, सासूचं लोढणं घेऊन येणारी."

त्या खोलीला ओल होती हे खरं, पण धाकटीच्या रोजच्या रडगाण्याला ती तेव्हा कंटाळली होती हेही खरं. माणसाचं असंच असतं, एखादं खरं सांगताना मनात दुसरं काहीतरी असतं, आणि समोरच्याला नेमकं तेच ऐकू येतं.

"चल वर," मावशी म्हणाली. तिनं बहिणीचं मनगट धरलं. "माझ्या घरी चल. तूच नळ सोड. कोरडा निघाला तर माझं ऐकशील?"

"ऐकेन," धाकटी म्हणाली. "आणि आलं पाणी तर?"

"येणार नाही."

रविवारी लिफ्ट चालू असायची, कारण रविवारी गिऱ्हाइकं यायची. दोघी वर गेल्या. मावशीच्या मनात आता भीती नव्हती. सुटलो आपण, असं वाटत होतं तिला.

दार नवऱ्यानं उघडलं. घामानं निथळत होता, सदरा अंगाला चिकटलेला, एका हातानं चौकट धरलेली. पण चेहरा कसा फुललेला!

"ये गं, ये!" तो मेहुणीला म्हणाला. "हात-पाय धू आधी. दमली असशील."

धाकटी सरळ बाथरूममध्ये गेली आणि तिनं नळ सोडला.

धो धो पाणी आलं.

तर झालं होतं असं. मावशी खाली गेल्यावर यानं टाकी बघितली, ती रिकामी. याला वाटलं, विसरली बिचारी कामाच्या गडबडीत. आता बहिणीपुढे खाली बघायची पाळी येणार तिच्यावर. म्हणून हा गुडघेमोडका माणूस भिंत धरधरून दारोदार हिंडला. काल ही भिडेखातर नको म्हणाली असेल, असं समजून शेजारणींनी बादल्या दिल्या. स्टुलावर चढून यानं एकेक बादली पोटमाळ्यावर ओतली. बायकोवरच्या मायेनं केलं हो सगळं! दुष्टाव्यानं कुणी इतकं वाटोळं करत नाही.

"हे यांनी भरलंय!" मावशी ओरडली. "विचार त्यांना! अहो, सांगा ना! सांगा, नळाला पाणी येत नाही म्हणून!"

नवरा गोंधळला. बायकोच्या डोळ्यांत त्यानं पाणी पाहिलं आणि त्याला वाटलं, पितळ उघडं पडलं म्हणून रडतेय. सांभाळून घेतलं पाहिजे. अब्रूची ती जुनी सवय. तो कसनुसं हसत म्हणाला, "छे छे. येतं की. अधूनमधून कमी असतं, पण येतं."

धाकटीनं नळ बंद केला. टॉवेल न घेता पदरालाच हात पुसले.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "नको होते तर तसं सांगायचं होतंस. भावोजींना तरी खोट्यात पाडू नकोस."

ती जिन्यानंच खाली गेली. मावशी मागे धावली, जिन्यात दोनदा हाक मारली, पण तिचा पदर धरला नाही. खाली पोचेपर्यंत ऑफिसात कागद टेबलावर आले होते. काचेतून तिला धाकटीची वाकलेली मान दिसली, सही करताना. मावशी आत गेली नाही. काचेला हात लावून बाहेरच उभी राहिली.

पाहुणे गेल्यावर मॅनेजर बाहेर आला. आता काढून टाकतोय, असं मावशीला वाटलं. तर तो म्हणतो कसा, "मावशी, माझी तर हवाच गेली होती. पण वर नेऊन भारी दाखवलंत हं तुम्ही!" मावशीला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडी चढली आणि तिनं पिंप भरलं. काय करणार? सांगून बघितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, तेही बादलीनं भरलेलं.

रविवारी रात्री नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो नुसता गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

धाकटी राहायला आली. सासूला चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवलं. खिडकीपाशी पलंग लागला. पहिल्याच आठवड्यात धाकटीला कळायचं ते कळलं, पण ती बहिणीच्या दारात आली नाही. टँकरच्या रांगेत समोरासमोर आल्या तर मान फिरवायची. मावशी आपल्यातली बादली तिच्या दाराशी ठेवून यायची, तर ती तशीच भरलेली परत यायची. रांग रोज लांबत होती. आणखी दोन इमारती भरल्या होत्या. मावशी पुन्हा पाण्याच्या ऑफिसात गेली, तर खिडकीतला माणूस बदलला होता. हा म्हणाला, "एवढ्या वस्तीला पुरेल एवढं पाणी आणायचं कुठून, बाई? आधी विचार करून यायचं राहायला." मावशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग रस्ता खचला आणि टँकर येईनासे झाले. वस्तीत कुणी कुणाशी बोलेना. पाहुणे येणार म्हटलं तरी कुणी दार उघडेना. धाकटीच्या सासूला पाठीवर जखमा झाल्या होत्या. त्या धुवायला हव्या होत्या. खालून जाणाऱ्यालाही त्या खोलीचा वास यायला लागला होता.

दुपारची वेळ होती. दार वाजलं. बाहेर धाकटी उभी, हातात रिकामी बादली. केस विस्कटलेले, ओठ फाटलेले, बोटांना चिरा. तिनं बादली पुढे केली नाही, नुसती धरून उभी राहिली. मावशी आत गेली. घरात अर्धी कळशी उरली होती, प्यायची. ती घेऊन ती बाहेर आली.

धाकटीनं त्या कळशीकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे.

"थोरली ना तू?" ती म्हणाली. "जिन्यात हाका कसल्या मारत बसलीस? झिंज्या धरून ओढायचं होतंस मला. ती सही करू द्यायची नव्हतीस."

"ओढलं असतं तर थांबली असतीस?"

"नसते थांबले," धाकटी म्हणाली. "तरी ओढायचं होतंस, ताई. मग आज शिव्या घालायला मला माझ्याशिवाय कुणी उरलं नसतं. आता रोज आईंना पुसताना तुझ्या नावानं तळतळाट करते मी. रोज. आणि पाणी मागायला तुझ्याकडेच आले."

मावशीनं कळशी तिच्या बादलीत ओतली. सगळी ओतली. आतून नवऱ्यानं विचारलं, "कोण आहे गं?" आणि मग त्यानं आवाज ओळखला असावा, कारण त्यानं पुढे काहीच विचारलं नाही.